धार

हौकिलाम्पीच्या स्टेडियमखाली, तळघरात,
बावीस हिवाळे मी स्केटच्या पात्यांना धार लावते आहे.
चेहरे वर, प्रेक्षकांसाठी.
माझ्याकडे येतात ती पावलं.

एलिसचं पातं बाहेरच्या कडेने झिजतं.
एकोणीस वर्षांचं पोर, वळतं असं
की बर्फाला उशिरा कळतं.
ही झीज शिकवून येत नाही.
माझ्या सहाणेवर ती एकदाच आली.

कुर्सुलाच्या पात्याला नुसत्या खाचा.
सदतिशीचा कप्तान; त्याचे गोल मोजायला एक हात पुरतो.
चकती आपल्या जाळीकडे सुटली
की हा आडवा पडतो, जे पुढे येईल ते घेऊन.
"ही करवत झाली," मी म्हणते.
"मग लाकूड बघ," म्हणतो.

त्या मंगळवारी पोराने पास दिला नाही, तीनदा हुकलं.
कुर्सुला शेजारी बसला, बोलला नाही,
बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला.
शेवटी पोरच पुटपुटलं,
"दिसला होतास तू मला."

मार्चमधला शेवटचा सामना.
हरलो तर खालची श्रेणी,
आणि कागद गिरणीचे पैसे बंद; कुणी बोलत नव्हतं एवढंच.
आठ मिनिटं उरली असताना
एलिसच्या बुटाची खोबण तडकली.
दुसरी जोडी कोरी, पायाची ओळख नसलेली.
मी धापा टाकत जिना चढून पोचले, तर
कुर्सुला बाकावर, एका पायात नुसता मोजा,
दुसऱ्या पायाची नाडी सोडतोय.
"त्रेचाळीस ना?"
एवढंच.

पुढचं सगळं वर्तमानपत्रात आहे.
एलिसचं नाव, एलिसचा फोटो,
हेलसिंकीहून आलेला फोन.
फोटोच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर,
फळीला टेकलेले दोन मोजे,
एकाला अंगठ्याशी भोक.

रात्री बूट खाली आले.
दिव्याखाली धरले:
जुन्या खाचा, सतरा,
आणि त्यांच्यावरून, बाहेरच्या कडेने,
आठ मिनिटांची ताजी झीज.
वर कुणीतरी मोठ्याने विचारत होतं,
जिंकलो ते कुणामुळे?

मी सहाण सुरू केली.
ठिणग्या उडाल्या.
त्यातली खाचेची कुठली, झिजेची कुठली,
सगळ्या सारख्याच पिवळ्या.
मग गार झालेली कॉफी संपवली
आणि दुसरा बूट घेतला.