एकदा वितळल्यावर

मंदाकिनी ब्रिस्बेनला गेली, लेकीच्या बाळंतपणाला,
सहा महिने.
जाताना डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली:
जिरं. ओवा. हा हिंग आहे, वास घेऊन बघू नका.
लेकीनं तिकडूनच ऑर्डर टाकली.
थर्माकोलची पेटी, बर्फाच्या पिशव्या, मधे दहा खोकी,
जेवणाची. 'प्रीमियम.'
एकाची किंमत तीनशे एकोणनव्वद.

मी अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉस्टिंगला होतो.
एका बोल्टचा भाव चार दशांश स्थळांपर्यंत काढलाय.
तेव्हा खोकं उलटं करून आधी वजन वाचलं:
निव्वळ तीनशे ग्रॅम.
म्हणजे किलोला तेराशेला तीन रुपये तेहतीस पैसे कमी.
राजमा आहे हो, केशर नाही.

चार खाल्ली. वाईट नव्हती.
भात मोकळा, शीत न् शीत वेगळं,
बँकेच्या रांगेतल्या माणसांसारखं.

अहिररावबाईंचा डबा नव्वदला येतो,
तीन पोळ्या, दोन भाज्या, शनिवारी मुगाची खिचडी.
तो मीच बंद केला होता.
डबा घ्यायला दार उघडावं लागतं,
आणि दार उघडलं की, 'वहिनींचा फोन आला का?'
खोकं काही विचारत नाही.
मायक्रोवेव्ह साडेचार मिनिटं फिरतो,
टिंग करतो, गप्प बसतो.
ही शांतता कुठल्या खात्यात टाकायची
ते मला ठरवता आलं नव्हतं.

मग शनिवार. देखभालीसाठी वीज बंद, सकाळी नऊपासून.
डिसेंबर असता तर गॅलरीत मांडून ठेवली असती,
निफाडला पारा सहावर येतो तेव्हा
पाथर्डी फाटाही फार मागे नसतो.
पण हा ऑक्टोबर.
पांडवलेणीचा डोंगर तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.
चार वाजता फ्रीजखालून पाण्याचा एक ओघळ निघाला
आणि माझ्या चपलेपर्यंत आला.

सहा खोकी मऊ. पाठीवर बारीक अक्षरात:
एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.

मायक्रोवेव्ह बंद. म्हणजे गॅस.
म्हणजे पातेली, जी कुठे असतात ते शोधण्यात वीस मिनिटं.
कुर्मा, दोन राजमे, दाल मखनी,
आणि कोल्हापुरी म्हणवणारं काहीतरी गोडसर.
भात सगळा एकत्र.
कोल्हापुरीची लाज राखायला फोडणी दिली,
चिठ्ठ्या वाचत वाचत. हिंगाचा वास घेतला.
तिचं बरोबर होतं.

गच्चीवरच्या खोलीतली कळवणची दोन पोरं आधी आली,
वास जिन्यानं वर गेला होता.
वॉचमन भोये आला तो खिशातून हिरव्या मिरच्या घेऊन,
पेठहून आणलेल्या.
इस्त्रीवाल्या शकीलाबी म्हणाल्या, मी फक्त चाखते,
आणि मांडी घालून बसल्या.

भोयेनं पहिला घास घेतला.
सगळे त्याच्याकडे बघत होतो, का कोण जाणे.
'मीठ कमी आहे, साहेब.'
तीनशे एकोणनव्वदमध्ये मीठ कमी!
शकीलाबी इतक्या हसल्या की ठसका लागला.
पोरांनी पातेलं पुसून काढलं, बोटानं.
'वहिनींचा फोन आला का?' हेही कुणीतरी विचारलंच.
सांगितलं. मुलगी झाली. मंगळवारी.
चार दिवस मी हे कुणाला बोललो नव्हतो.

सव्वासातला वीज आली.
रिकामा फ्रीज घरघरायला लागला.
वहीत मांडलं: सहा नग, दोन हजार तीनशे चौतीस,
माणसं पाच, दरडोई चारशे सहासष्ट रुपये ऐंशी पैसे.
गॅस वेगळा.
कुठल्याही पद्धतीनं लावा, महाग पडलं.
कारखान्यात असतो तर
हा माल नाकारा, असा शेरा मारून सही केली असती.

रात्री फोनवर कंपनीनं विचारलं, चव कशी वाटली,
पाचपैकी किती तारे.
कुठल्या चवीचं विचारताय, तेच कळेना.
बराच वेळ अंगठा तसाच धरून बसलो.

रविवारी अहिररावबाईंना फोन केला, उद्यापासून डबा पाठवा.
आणि जिन्यात ते धाकटं पोरगं भेटलं,
दप्तर सावरत म्हणालं,
'काका, पुढचा शटडाऊन कधी?'
पेपर उघडून बघतोय.