मूठभर धणे

सोजरआत्या गेली
आणि घरोघरचं येसर बिघडलं.
आईचं उग्र व्हायचं, वच्छीकाकूचं कडवट,
निलंग्याच्या मुक्ताचं तर नुसतंच तिखट पीठ.
खापर आधी गॅसवर फोडलं,
मग बिदर गेटजवळच्या गिरणीवर,
शेवटी धण्यांवर,
"आताच्या धण्यांना वासच कुठंय, बाई!"

प्रमाण मात्र सगळ्यांना तोंडपाठ.
गहू अच्छेर, हरभऱ्याची डाळ पावशेर,
बाजरी चिपटंभर,
मिरे, दालचिनी, दगडफूल,
खोबऱ्याचा एक तुकडा, काळा पडू न देता,
आणि धणे तीन मुठी.
भाजायचं वेगवेगळं, दळायचं एकत्र.
मिरची दळल्यावर लगेच टाकू नको म्हणावं गिरणीवाल्याला,
आधी कुणाची तरी जवारी जाऊ दे.
हे सुद्धा पाठ.

मी काटा आणला, ग्रॅम लिहून काढले,
चार वेळा केलं.
चार वेळा दादा म्हणाले, "चांगलं झालंय."
आणि दही मागून घेतलं.

गेल्या माघात
लोखंडी कपाटाच्या दारात माझा उजवा हात सापडला.
करंगळी नि तिच्या शेजारचं बोट
डॉक्टरनं पट्टीत आवळून टाकलं.
लग्नसराई तोंडावर, डबा रिकामा,
तशाच हातानं धणे घेतले.
मुठीत मावेनात,
उरलेले बरणीत परत घरंगळले.
मी हिशेब केला नाही. बोटं ठणकत होती.

त्या रात्री आमटी.
दादांनी भाकर कुस्करली, एक घास घेतला,
थांबले.
"मीठ कमी हाय," म्हणाले.
मग तीनदा वाढून घेतली.
जेवण झालं तरी उठले नाहीत,
हात ताटातच वाळला.

"डाळमिलच्या पट्ट्यात गेली तिची दोन बोटं.
मिलो खाल्ली त्या साली.
शेटनं चाळीस रुपये दिले अन् चुरीचं पोतं.
त्या चुरीचं पहिलं येसर केलं तिनं,
एका हातानं,
अन् माझ्या लग्नात वाढलं.
दोनशे पान उठलं बघ.
लोक म्हणले, आमटी असावी तर अशी.
येवढी डाळ आली कुठून,
कुणीच इचारलं न्हाई.
म्या बी न्हाई."

आई आतून म्हणाली, "मला कधी बोलला न्हाईत."
दादा नळाकडं गेले.

मी तो हात हजारदा पाहिला होता.
त्या हातानं तिनं माझी वेणी घातली,
उवा काढल्या, हुरडा चोळून दिला.
आमच्या लेखी तो आत्याचा हात,
त्यात मोजायचं काय?
तिची मूठ मात्र आम्ही सगळ्यांनी मोजली,
आपापल्या पाच बोटांनी.

पट्टी निघून आता वर्ष होत आलं.
बोटं नीट वळतात, थंडीत थोडी कुरकुरतात.
धण्यांच्या बरणीत हात घालताना
मी दोन बोटं मिटून तळव्याला चिकटवते.
डाळ पाट्यावर घेऊन जराशी चेचते,
अख्खी असली की चव लागत नाही.
मीठ अजून कमीच पडतं कधीकधी.

मुक्ताला फोन केला.
आधी ती हसली,
मग बराच वेळ फक्त तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

वहीत ग्रॅम खोडून लिहिलंय :
धणे, तीन बोटांच्या तीन मुठी.
उद्या वही ज्या कुणाच्या हाती लागेल
तिला वाटेल, घाईत काहीतरी चुकलंय.
वाटू दे.
विचारायला तरी येईल.