उलटा हात

खिंडसीच्या काठावर, फेब्रुवारीत,
सागाची पानं पापडासारखी मोडत होती.
उईके गार्डनं आधी खराटा मागितला.
आम्ही हसलो. जंगल झाडायचं?

त्यानं झाडलं, लाल माती उघडी पडेपर्यंत.
"आता पेटवा. आग लहान ठेवजा,
गप्पा मोठ्या."

निजायच्या वेळी यामिनीनं बादली ओतली.
फस्स. वाफ. विझली, म्हणालो.

तो उकिडवा बसला.
काडीनं राख उकरली, पुन्हा पाणी, पुन्हा काडी,
मग उलटा हात टेकवला हळूच,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"हाये अजून थोडी. बसा."

बसलो. तळ्यावरून गारवा येत राहिला.

नागपुरात, नरेंद्रनगरच्या स्वयंपाकघरात,
गॅस बंद केल्यावरही
माझा हात शेगडीपाशी
क्षणभर उलटा होतो.