भरमाण्णा

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला
भरमाण्णा मुचंडीकर साचे भरायचा,
चारला मैदानात. मानेवर काळी रेती तशीच.
लेफ्ट बॅक.
अकरा हंगामांत एकच गोल, तोही आपल्याच जाळीत,
आणि तेवढाच अख्ख्या कॅम्पाला पाठ.

मग गुडघा गेला. गळ्यात शिट्टी आली.
शिव्या मराठीत, डावपेच कन्नडात:
"बिडू, बिडू! सोड की चेंडू, मर्दा,
काय लग्न लावतोस काय त्याच्याशी!"
रेफरीशी मात्र कुठल्याच भाषेत नाही.
नुसता बघायचा.

धारवाडच्या फायनलला त्यानं मला बसवलं.
एक-एक. सात मिनिटं उरलेली.
नाड्या मी तीनदा सोडून बांधल्या.
उठवलं त्यानं दस्तगीरला, मिसरूडही न फुटलेल्या.
हरलो.

परतीच्या टेंपोत, कित्तूरच्या पुढं कुठंतरी,
भाकरीचं गाठोडं त्यानं माझ्याच मांडीवर टाकलं.
"वाट तू. तुझं पोट भरलंय आज. रागानं."
दस्तगीरला मी मोठी भाकरी दिली.
का, ते अजून कळलेलं नाही.

आता शिट्टी माझ्याकडं. पोरं विचारतात,
सर, मला का बसवलं?
मी त्यांच्या नाड्यांकडं बघतो,
कन्नडात कायतरी बोलून मोकळा होतो,
जे मलाही धड येत नाही.