अकरावी रेघ

कुताइसीच्या या दवाखान्यात, तळघरात,
जिथे पूर्वी चादरी धुवायच्या,
तिथे मी माणसांना त्यांचे हात परत देते
असं लोक म्हणतात.
मी फक्त मोजते.
एर्ती, ओरी, सामी.

नोदार भट्टीवाला. वय एकोणसाठ.
चाळीस वर्षं मातीच्या खोल भट्टीत कंबरेपर्यंत वाकून
तापल्या भिंतीला शोतीचे लांबट पाव थापणारा.
जानेवारीत एका पहाटे तो उठला,
उजवा हात उठला नाही.

पहिल्या दिवशी डाव्या हातानं त्यानं तो उचलला
आणि टेबलावर ठेवला,
शेजाऱ्याची वस्तू परत करावी तसा.
"घ्या. बघा काही होतंय का."

मी हिरवा रबरी लगदा दिला:
चिमटीत धर, दाब, सोड. दहा वेळा.
त्यानं आधी वास घेतला.
"याला मीठ नाही. आणि हा फुगत नाही.
जे फुगत नाही ते मळायचं कशाला?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
सहा वेळा केलं. सातव्याला बोटं रुसली.

मग भिंत.
बोटांनी चढायचं, मुंगीच्या चालीनं,
थांबेल तिथे पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.
पहिली बेंबीपाशी.
दुसरी तिच्याहून दोन बोटं वर.
तिसरी आणि चौथी यांत अख्खा फेब्रुवारी गेला.
पाचवी तर खाली आली.
त्या रात्री त्याची बायको त्सिआला फोनवर रडली नाही, भांडली:
"बसचे पैसे तरी परत द्या!"
सकाळी त्याला घेऊन दारात हजर.

आठव्या रेघेवर त्यानं एकाएकी
अख्खा तळवा भिंतीला थापला, आणि थांबला.
"काय करतोस?"
"भाजतंय का बघतोय."
तो हसला, अर्ध्या तोंडानं.
उरलेलं अर्धं जरा मागाहून आलं.

मे महिन्यात मी रजेवरून परतले तर भिंत कोरी.
दहा रेघा, दहा तारखा, सगळं नव्या रंगाखाली.
रंगाऱ्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.
नोदार आला. टोपी खुंटीला अडकवली.
बोटं चढू लागली,
मी मोजायच्या आधीच,
आणि दहावी जिथे होती तिथे थबकली.
"इथवर होतो ना?"
मग एक बोट वर. मग आणखी एक.
नखांना ओला रंग.

भट्टीत तो पुन्हा वाकणार नाही.
तोल तेवढा राहिलेला नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलंय.
पाव आता जावई थापतो,
त्यातले निम्मे सुटून निखाऱ्यांत पडतात,
आणि नोदार स्टुलावर बसून शिव्या देत
उजव्या हातानं पिठात मीठ टाकतो.
थोडं पिठात, बरंचसं बुटांवर.

अकरावी रेघ अजून मारायची राहिली आहे.
रंग वाळला नव्हता,
आणि पेन्सिल शोधून शोधून थकले तेव्हा दिसलं,
ती त्याच्या उजव्या कानावर खोचलेली.
कधी खोचली,
कोणत्या हातानं,
त्यालाही आठवेना.