मागून चालणारा

पालच्या नाक्यावर वहीत नावं लिहिली.
माणसं चार, वेळ सहा दहा.
धंद्याच्या रकान्यात मी लिहिलं: गार्ड, मालगाडी, भुसावळ.
सुभान तडवी ते वाचून हसला,
म्हणाला, मग तुम्ही मागून चाला साहेब,
पुढचं मी बघतो.

तसेच निघालो.
पुढे सुभान, कानामागे न पेटवलेली विडी, हातात धावड्याची काठी,
मग हर्षाली, मग कुंदा, मग तेजेश,
आणि मी.
फाल्गुनातलं रान. साग उघडे,
पानं अशी वाळलेली
की प्रत्येक पावलाला कुणीतरी पापड मोडत होतं.
"वाघ दिसेल?" हर्षालीने तिसऱ्यांदा विचारलं.
"त्याला तू दिसलीस, पोरी. अर्धं काम झालं."

केळी पिशवीतच राहू द्या, तो कुंदाला म्हणाला,
इथल्या माकडांना रावेरचा भाव पाठ आहे.
पुढे एका सालईचं अंग सोललेलं होतं.
त्यातला डिंक त्याने नखाने उचलला,
माझ्या बाहीला पुसला.
वास घ्या. देवघरासारखा येतो ना?
झाडाला लागलंय ते.

मी मागून चालत होतो.
एकवीस वर्षं हेच केलंय:
शेवटच्या डब्यात उभं राहून
गेलेलं बघणं.
सावदा गेलं, निंभोरा गेलं, केळीचे मळे गेले,
हात हलवणारी पोरं लहान होत होत गेली.
येणारं स्टेशन मला कधी दिसलंच नाही,
ते ड्रायव्हरचं.

आज समोर पाठी होत्या.
तेजेशचे खांदे. कधी झाले एवढे?
शर्ट माझाच, शिवणीवर ताणलेला.
कुंदा चालताना मान जराशी डावीकडे टाकते,
जणू त्या बाजूने कुणी काही सांगतंय.
हे मला माहीत नव्हतं.
रात्रपाळीच्या माणसाला बायको समोरून दिसते,
दारात,
डबा देताना.

नाल्याच्या वळणावर सुभानची मूठ वर गेली.
लाल सिग्नल. सगळे जागच्या जागी.

पलीकडे मोहाखाली अस्वल,
फुलं हुंगत, फुरफुरत, आपल्याच नादात,
आणि तिच्या पाठीवर, केस घट्ट धरून,
पिल्लू.
उलट्या तोंडाने बसलेलं.
मागे पडणारं रान बघत.

म्हणजे आमच्याकडे.

किती वेळ, ते लिहून घ्यायचं राहिलं,
आणि तेच तर माझं काम.
हर्षालीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं.
तेजेशचा फोन खिशातच.
त्याचा हात मात्र मागे आला,
न बघता, चाचपत,
माझ्या मनगटाला लागला तसा थांबला.
रस्ता ओलांडताना तो असं करायचा,
दुसरीत होता तेव्हा.

वारा फिरला. आईने नाक वर केलं.
पिल्लू एकदा हिंदकळलं,
आणि घाणेरीच्या जाळीने दोघांना आत घेतलं.

दुपारी सुकी नदीतल्या खडकावर
कळण्याची भाकरी, ठेचा,
सुभानच्या डब्यातली डांगराची भाजी.
बोलत होती एकटी हर्षाली:
त्याला चक्कर येत नसेल, उलटं बसून?
नाही, मी म्हणालो, सवय होते.
कुंदाने माझ्याकडे पाहिलं.
बोलली नाही. भाकरीचा पापुद्रा पुढे केला.

संध्याकाळी पुन्हा वही.
गेले चार, आले चार. सुभानची सही.
आमच्याकडे याला म्हणतात, गाडी पूर्ण आली:
शेवटच्या डब्यावरची पाटी दिसली
की मागचा रस्ता मोकळा.

परवा रात्री वाघोड्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली.
ब्रेकव्हॅनमध्ये मी एकटा,
उत्तरेला अंधार, म्हणजे सातपुडा.
बॅगेत तो शर्ट होता.
धुवायला टाकला नव्हता मी,
काढून बाही नाकाला लावली.

वॉकीटॉकीवर ड्रायव्हरने विचारलं,
काय गार्डसाहेब, मागे सगळं बरोबर?

थांब, म्हटलं,
बघतो.