सोफ्याची लांबी

आई गेली, त्याच्या तिसऱ्या महिन्यात मॅलकी म्हणाला,
कुत्रं आणू या.
आमच्या घरात एवढं लांब वाक्य
बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

मी अठ्ठावन्न, तो एकसष्ट. भाऊ-बहीण.
लग्नं राहून गेली,
फाटकाला रंग द्यायचं राहून जावं तशी.
क्लॉनमेलपासून नऊ मैल, बावीस गाई,
आणि स्वयंपाकघरात अळीमिळी गुपचिळी.
रेडिओसुद्धा हवामान सांगून झालं की बंद.

त्याला हवा टेरियर. जॅक रसेल.
मूठभर जीव, घरभर तोंड.
गवताच्या कोठारात उंदरांनी राज्य मांडलंय,
कोल्हा आला तर निदान कळेल,
पोस्टमन आला तर सगळ्या टिपररीला कळेल.
हे सगळं तो कपातल्या चहाला सांगत होता.

मला हवी ग्रेहाउंड.
शर्यतीतून काढलेली, चार वर्षांची,
उंदीर दिसला तर त्याला वाट करून देईल अशी.
का हवी, ते सांगता येईना.
"दिवसाचे अठरा तास झोपते म्हणे," मी म्हणाले.
"मग कुत्रं कशाला? गालिचा घे."

हे आमचं भांडण.
आयुष्यातलं दुसरं. पहिलं ट्रॅक्टरवरून.

आधी मिसेस टूहीकडे गेलो.
पिल्लं सहा, आवाज साठांचा.
डोळ्यावर तपकिरी ठिपका असलेलं एक
मॅलकीच्या बुटाची नाडी दातांत धरून
असं मागे खेचत होतं,
की हा जणू चोरी करून पळून चाललाय.
माझा भाऊ हसला.
त्याचा वरचा एक दात पडलाय
हे मला तेव्हा कळलं.
एकाच टेबलावर जेवतो आम्ही, दिवसातून तीनदा.

ठरलं, असं धरून मी गप्प बसले. सवय आहे.
वाटेत त्यानंच गाडी वळवली.
"बघून तर घेऊ तुझी काडीपैलवान."

कॉर्मकच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी शेवटचीत
ती उभी होती. बसणं त्यांना जमत नाही म्हणे,
मांड्या आड येतात.
बरगड्या मोजून घ्याव्यात, पण उपाशी नव्हे, बांधाच तसा.
कानाच्या आत हिरव्या शाईत गोंदलेली अक्षरं.
कागदावर नाव सिल्व्हर फोर्ज, हाकेला पेग.
एकवीस शर्यती, तीन जिंकल्या,
मग मागचा पाय दुखावला.
घर कधी पाहिलेलं नाही, कॉर्मक म्हणाला.
जिना ठाऊक नाही. काच ठाऊक नाही.
ऑफिसच्या दारात ती थबकली.
काचेत आणखी एक हडकुळी उभी होती,
तिला आधी जाऊ द्यावं म्हणून
ही बाजूला झाली.

मॅलकी काही बोलला नाही.
पेग आली, आपलं सगळं वजन
त्याच्या मांडीला लावून राहिली,
भिंतीला टेकावं तशी.
त्यानं खिशातून हात काढला नाही.
पण हललाही नाही.
कॉर्मकनं लसीचे कागद दाखवले,
एक सर येऊन गेली,
हा आपला उभा.

घरी येईपर्यंत शब्द नाही.

रात्री साडेअकराला खाली खुडबुड.
उंदीर असेल म्हणून चप्पल उगारून उतरले.
दिव्याखाली मॅलकी, गुडघ्यांवर,
हातात सुतारकामाची टेप,
आईच्या सोफ्याला लावलेली,
ज्याच्यावर ती गेल्यापासून
ना तो बसलाय, ना मी.

"पाच फूट दोन इंच," वर न बघता तो म्हणाला.
"पाय दुमडले तर मावेल."

"आणि उंदीर?"

टेप सर्रकन आत गेली.
"त्यांना सवय आहे
न बोलणाऱ्यांची."

शनिवारी पेगला आणायला निघालो.
मिसेस टूहीच्या फाटकापाशी
गाडी जराशी हळू झाली.
मी बाहेर बघत राहिले, तो समोर.

नाडी त्यानं अजून बदललेली नाही.